पंचेचाळीसची तबकडी, तेहेतीसचा वेग

टोलिडो, ११ जुलै १९९६

प्रिय टिबोर,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर लगेच ओळखलं. इतक्या वर्षांत नाताळच्या कार्डावर सहीपलीकडे काही लिहिलं नाहीस, आणि आता एकदम दोन पानं. मी पाकीट आधी फ्रीजवर ठेवलं, भांडी घासली, आईला गोळ्या दिल्या, आणि मग उघडलं. आत काय, तर साहेबांना एक रेकॉर्ड हवी आहे! मेल्या, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लावलास होय? पण रागावले नाही. तू बुटाच्या नाड्या मागितल्या असत्यास तरी मी आनंदाने शोधत फिरले असते.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय ना, बघ. फिंडलीच्या अलीकडे तुझ्या ट्रकच्या रेडिओवर आमचं कॉलेजचं स्टेशन जेमतेम लागलं. खरखरीतून एका गाण्याचं शेपूट तेवढं ऐकू आलं. शब्द संपलेले, कोणीतरी जड आवाजात नुसतं गुणगुणतंय, मागे एकच गिटार, आणि लगेच स्टेशन गेलं. "तो आवाज डोक्यातून जात नाही," असं लिहितोस. "तू रेकॉर्डच्या दुकानात काम करतेस, तुला माहीत असणार."

अरे बाबा, त्या स्टेशनवर अशी गाणी ढिगाने लागतात. इतर स्टेशनं ज्यांना दारात उभं करत नाहीत ते सगळे बँड तिथे मुक्कामाला असतात. त्यातले निम्मे गुणगुणतात, कारण शब्द सुचलेले नसतात. तरी शोधते. दुकानाचा मालक ऑर्विल म्हणतो की एवढ्याशा माहितीवर मी अजून रेकॉर्ड शोधून दिलेली नाही, पण भावासाठी बहिणी काय वाट्टेल ते करतात.

आई आता माझ्याकडेच असते. तिचा खुबा दुखतो, जीभ ठणठणीत आहे. तुझं पत्र आलं म्हटल्यावर म्हणाली, "जेवतो का नीट, ते लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. तर ते लिही.

घाई करू नकोस.

तुझी,
इलोना


११ जुलै, संध्याकाळ
(हे टपालात टाकायचं नाही)

टिबोर,

मी खोटं बोलले. ती रेकॉर्ड शोधायची गरज नाही. ती माझ्या मागच्या खोलीत आहे, एक सोडून दोन प्रती. जत्रेतल्या जुन्या मालाच्या खोक्यातून काढल्या होत्या. तू ऐकलेलं ते गुणगुणणं त्यावरच आहे, आणि त्या तुझ्याच आहेत रे. तो जड आवाजाचा माणूस तूच आहेस.

आता हे तुला कसं सांगू? बायबलवर हात ठेवून सांगते, मलासुद्धा हे या वसंतातच कळलं. कोरीन डूली म्हणून एक नवी पोरगी स्टेशनवर दुपारचा कार्यक्रम करते. चुणचुणीत आहे, आणि कपाटातलं जुनं काढून वाजवायची हौस आहे. तिला तुमची छोटी रेकॉर्ड सापडली. 'ओली काडेपेटी' हे बँडचं नाव वाचून तिला हसू आलं म्हणे, म्हणून लावली. त्याआधी तिने मोठी रेकॉर्ड वाजवलेली, त्यामुळे यंत्राचा वेग मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवर होता. छोट्या रेकॉर्डला पंचेचाळीस लागतो हे तिला ठाऊक आहे, पण छोट्यातल्याही काही तेहेतीसच्या निघतात, त्यामुळे आमच्या धंद्यात सगळे आधी लेबलावर छापलेला आकडा बघतात. तुझ्या लेबलावर आकडाच नाही. त्या जागी तू हौसेने पुलाचं चित्र काढलंस. तुला तेव्हाच म्हटलं होतं, चित्र लहान काढ.

तर 'गोदीतला दिवा' गेले चार महिने या गावात हळू वाजतोय. तुझा तो चिरका, धावत सुटलेला आवाज पार खाली उतरलाय. मी दुकानात रेकॉर्ड पुसत होते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गाणं अर्धं होईपर्यंत मला कळलंसुद्धा नाही. शब्द कळले तेव्हा हातातलं फडकं खाली पडलं. टिबोर, ते ऐकायला फार चांगलं वाटतं. लोक फोन करून मागतात. ऑर्विलकडे आठवड्यातून एकदा तरी कोणी येऊन विचारतं, ती काडेपेटीवाली रेकॉर्ड आहे का? मी नाही म्हणते.

आणि तुला काय आठवत असणार, तेही मला माहीत आहे. आपण सगळे गॅरेजमध्ये रेडिओभोवती बसलेलो, बाबांनी त्या दिवशी कामावर दांडी मारलेली, आणि त्या निवेदकाने तुमचं गाणं अर्ध्यावर सुई उचलून बंद केलं आणि म्हणाला, "खारीची शेपटी दारात सापडली वाटतं." त्याने ते योग्य वेगावर वाजवलं होतं. सगळं गाव हसलं. शाळेतली पोरं तुला बघून चीं चीं करायची. महिन्याभरात तू गेलास. बाबांच्या अंत्यविधीला आलास तो शेवटच्या बाकावर बसलास आणि जेवायला न थांबता निघून गेलास.

आता मी सांगितलं, की ज्या आवाजावर तू भाळलास तो तुझाच आहे, पण चुकीचा वाजवलेला, तर तू काय म्हणशील? म्हणशील, या गावाने मला दुसऱ्यांदा खेळणं केलं. त्यात माझी बहीणही सामील. मग पुन्हा सहीचं कार्ड. आणि नाही सांगितलं तर कधीतरी तू अख्खं ऐकशीलच. इकडे आड, तिकडे विहीर. दहा वर्षांनी तू मला दोन पानं लिहिलीस रे, मला ती गमवायची नाहीत.


२९ जुलै

प्रिय टिबोर,

सोबत एक रेकॉर्ड पाठवतेय. बहुधा हाच तो असावा. कॅनडातला कोणी आहे, आधी बोटीवर काम करायचा. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐक, त्यात गुणगुणणं आहे. मी दिव्याखाली तिरकी धरून तपासली, एक केसाएवढा ओरखडा आहे, पण सुई अडत नाही.

हाच असेल तर लगेच कळव, म्हणजे मी शोधायची थांबते. हाच असेल असं मला फार वाटतं.

नीट जेवतोस हे वाचून आईला बरं वाटलं. मात्र ढाब्यावरच्या अंड्यांना जेवण म्हणत नाहीत, असा तिचा निरोप आहे.

इलोना


१६ ऑगस्ट

प्रिय टिबोर,

रेकॉर्ड परत मिळाली. "हा नाही. याला गाता येतं," एवढंच लिहिलंस. आणि खाली, जसं काही विशेष नाही अशा थाटात, सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीत डेट्रॉइटला माल टाकून सोमवारी दुपारी घरी जेवायला येतो म्हणून.

आईला वाचून दाखवलं. ती उठली आणि फ्रीजरमध्ये मांस किती आहे ते बघून आली. भरल्या कोबीचा बेत ठरलासुद्धा.

फक्त मला वाटतं, ती सुट्टी काही बरी नाही. एक तर महामार्गाचं काम चाललंय. शिवाय माझी शेगडी बिघडली आहे, आणि त्या दिवशी चर्चची सहल आहे, आईला जावं लागेल कदाचित. तू आठवडाभर नंतर आलास तर निवांत बसता येईल. आणि ते, "तीन दिवस रेडिओ बंद करणार नाही, पाचशे गाण्यांची उतरंड अख्खी ऐकणार," असं लिहितोस त्याबद्दल सांगायचं तर, यंदा ती काही खास नसणार. लोकांच्या मतांवर पाचशेव्यापासून पहिल्यापर्यंत क्रम लावतात, आणि लोकांनी कशालाही मतं दिलीत.

वरचं सगळं वाचून बघितलं. टिबोर, शेगडी उत्तम आहे. सहल जुलैमध्येच झाली. तू ये. सोमवारीच ये. मी वेड्यासारखं का लिहिलं ते विचारू नकोस.

इलोना


२४ ऑगस्ट

प्रिय टिबोर,

हे पत्र ओमाहाला तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतेय. निघण्याआधी तुला मिळो. बसून वाच.

ज्याला तू शोधतोयस तो तू आहेस. गाणं 'गोदीतला दिवा', रेकॉर्ड तुमची, आणि स्टेशनवर ती पंचेचाळीसऐवजी तेहेतीसवर वाजते. कोणी मुद्दाम केलं नाही. लेबलावर वेग नव्हता, आणि ज्या मुलीने लावली तिला तो तसाच बरोबर वाटला. लोकांना ते गाणं मनापासून आवडतं. कोणी हसत नाही. एकही माणूस हसत नाही, हे तू आधी वाच आणि मग बाकीचं.

मला वसंतापासून माहीत होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही माहीत होतं. तो कॅनडावाला मी तुझ्या गळ्यात मारायला बघितला. भीतीपोटी, दुसरं काही नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत माझी प्रत घेऊन मी स्टेशनवर गेले. कोरीन सँडविच खात मतांची पत्रं वेगळी करत होती. म्हटलं, "ही जरा पंचेचाळीसवर लाव."

"का?"

"लाव तर."

तिने लावली. स्टेशनची प्रत सुरुवातीला फार खरखरते, गाण्याची नेमकी सुरुवात धरायला बोटाने मागेपुढे फिरवतात ना, त्याने झिजली आहे. माझी स्वच्छ आहे. तुझा आवाज निघाला, बावीस वर्षांचा, बस सुटत असल्यासारखा. कोरीनने सँडविच खाली ठेवलं.

"हा कोण?"

"माझा भाऊ."

"आणि मी वाजवते तो?"

"तोही माझाच भाऊ."

तिने सुई उचलून ठेवली. मग म्हणाली, "इलोना, हे गाणं पहिल्या दहात आलंय. मी आता लोकांना काय सांगू? तुम्ही ज्याच्यावर जीव टाकलात तो माणूस मी चुकून तयार केला?"

"सुधारून वाजवशील?"

"वाजवेन. पण पुन्हा हसले तर?"

"आणि तसंच ठेवलंस तर तो म्हणेल, माझीच चेष्टा चाललीय."

"म्हणेल की नाही ते तुला काय माहीत? रेकॉर्ड त्याची आहे. तोच सांगू दे. तो सांगेल त्या वेगावर वाजवते, आणि बंद कर म्हणाला तर ती खोक्यात घालून तुझ्या हातात देते."

पोरगी सरळ आहे. मला आपली लाज वाटली, मी उगाच तिच्यावर गुरगुरत गेले होते.

तर टिबोर, तू सांग. मला घरी फोन कर, नाहीतर तिला स्टेशनवर कर. आणि चिडलास तर चीड, मला चार शिव्या घाल, पण सोमवारी ये. आईने मांस बाहेर काढून ठेवायचा दिवससुद्धा ठरवलाय.

तुझी,
इलोना


३० ऑगस्ट

टिबोर,

हे कुठे पाठवणार, तू रस्त्यावर आहेस. पण नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

आज ओमाहाच्या तुमच्या ऑफिसला फोन केला. एक बाई म्हणाल्या, "टिबोर कोचिश? तो सोमवारीच गेला. परस्पर कॅन्ससवरून पुढे जाणार. त्याच्या खणात एक पत्र आहे, टोलिडोचा शिक्का." म्हटलं, तेच माझं. म्हणाल्या, "ठेवते हं जपून." किती प्रेमाने म्हणाल्या. मला ओरडावंसं वाटलं.

उतरंड सुरू झाली. तू जसजसा इकडे येशील तसतसं स्टेशन स्वच्छ लागेल. कोरीनला सांगितलं की त्याला काही कळलेलं नाही. ती म्हणाली, "मग मी काय करू?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "लोकांनी मतं ज्याला दिली तेच वाजवते. दुसरं काही प्रामाणिक वाटत नाही." तिचं बरोबर आहे. मला वाटलं, वीज गेली तर बरं. आईला म्हटलं, सोमवारी रेडिओ नको लावूया, शांतपणे जेवू. ती म्हणाली, "पोरगा दहा वर्षांनी येतोय आणि एक गोष्ट मागतोय, रेडिओ. तोही नको?"

मी आता कोबीची पानं उकडायला घेते.


ओमाहा, ५ सप्टेंबर

इलोना,

पत्र लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे उलटसुलट होईल. तुझं पत्र इथे खणात होतं. काउंटरवरच्या बाईने दोन्ही हातांनी दिलं, जसं काही कोणी गेल्याची तार आहे. आता वाचलं. सोमवारी तुझ्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते आत्ता कळलं. मला वाटलं तुझी दाढ दुखतेय.

मी टेबलावरून उठून का गेलो ते तू विचारलं नाहीस. आईनेही नाही. तेव्हा सांगतो.

त्या मुलीने चौथा नंबर म्हणून सांगितलं आणि तू वाटी घेऊन उगाच रेडिओकडे गेलीस. मी म्हटलं राहू दे. पहिली ओळ लागली आणि मला वाटलं, कोणीतरी माझं गाणं चोरलंय. चोरलंय, आणि माझ्यापेक्षा बरं गायलंय. मग 'नदी' हा शब्द आला. तो मी नाकातून म्हणायचो, तुम्ही सगळे त्यावरून चिडवायचात. चोर एवढी बारीक चोरी करत नाही. तेव्हा कळलं.

आणि वर आई कोबी वाढता वाढता म्हणाली, "तुझा बाप दाढी करताना असाच गुणगुणायचा. फक्त तो बेसूर होता." तिला कोण गातंय ते तेव्हा कळलं होतं का, मला ठाऊक नाही. तू तिला विचार. नको, विचारू नकोस.

मला तिथे बसवेना. बाहेर गेलो, ट्रकमध्ये चढलो. तू खिडकीतून बघत होतीस ते दिसलं. खरं सांगतो, मी निघालोच होतो. किल्ली फिरवली. डोक्यात एवढंच, की या गावाने पुन्हा माझी फिरकी घेतली, आणि या वेळी माझ्या बहिणीच्या घरात, माझ्या आईसमोर.

पण इंजिन लागलं की माझा रेडिओही लागतो. गाणं संपलं होतं. ती मुलगी लोकांचे फोन ऐकवत होती. काचेच्या कारखान्यातली कोणी बाई होती. म्हणाली, नवऱ्याला दर मंगळवारी रक्त शुद्ध करायला दवाखान्यात नेते, परतताना तो काही बोलत नाही, पण हे गाणं लागलं तर आवाज वाढवतो. मग एक म्हातारा आला आणि म्हणाला, हा गाणारा गोदीतला होता, नदीत बुडून मेला, मी त्याला ओळखायचो. मुलगी म्हणाली, "तुमची खात्री आहे?" तो म्हणाला, "अंत्यविधीला होतो मी."

इलोना, मी हसलो. एकटा ट्रकमध्ये बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं. त्या गावावर मी इतकी वर्षं रागावून बसलो होतो, आणि ते इथे माझ्या प्रेताला खांदा देऊन मोकळं झालेलं. मग किल्ली काढली आणि आत आलो. कोबी गार झाला होता. तू गरम करून देते म्हणालीस, मी म्हटलं असाच दे, आणि जेवलो.

तुझ्यावर मी काही चिडलो नाही. चिडलो असेन तर तो कॅनडावाला माझ्या माथी मारलास म्हणून. त्याला खरंच गाता येतं, फार कंटाळवाणा आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कोरीनला सांग, तेहेतीसवरच वाजव. त्या बावीस वर्षांच्या पोराला फार घाई झाली होती. कोणी थांबवायच्या आत गाणं संपवून टाकायचं, असं गायचा तो. मला ते आत्ता ऐकू आलं. परवा आयोवातून येताना तसं सावकाश गाऊन बघितलं. एवढा खाली आवाज जात नाही अजून, पण निम्म्यापर्यंत जातो. सोबतीला कोणी नव्हतं, त्यामुळे कोणी तक्रारही केली नाही.

एक मात्र कर. तिला म्हणावं, गाणं लावशील तेव्हा नाव सांगत जा. बँडचं नको, माझं, पूर्ण. आणि त्या म्हाताऱ्याचा फोन पुन्हा आला तर त्याला सांग म्हणावं, की टिबोर कोचिश बुडालेला नाही. तो ट्रक चालवतो, आणि थँक्सगिव्हिंगला चार दिवस घरी राहायला येतोय.

टिबोर